गादीतले बिऱ्हाडकरू

श्रावण सरत आला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात बंद घरांची कुलपं उघडू लागतात. गणपतीला येणारे मुंबईकर कुणी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरतात, कुणी एसटीने वडखळमार्गे येतात. दोन-अडीच महिने हवा न लागलेलं घर झाडून-पुसून घेतलं जातं, माळ्यावरच्या गाद्या आणि पत्र्याच्या पेटीतल्या गोधड्या खाली येतात. रात्री सगळे आडवे होतात आणि पहाटे घरात शिंका सुरू होतात. एकाला लागोपाठ सात-आठ, दुसऱ्याचं नाक गच्च, एखाद्या पोराला खोकल्याची ढास आणि छातीत घरघर. मग कारणं निघतात. पाणी बदललं, खारं वारं लागलं, रात्री काकडीची कोशिंबीर खाल्ली. कुणी जाणतं माणूस म्हणतं, "त्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे." हे उत्तर बरंचसं बरोबर आहे, फक्त धूळ म्हणजे काय, हा प्रश्न तिथेच सोडून दिला जातो.

रस्त्यावरची धूळ ही मुख्यतः माती. घरातली धूळ वेगळी. तिच्यात कपड्यांचे तंतू असतात, बुरशीचे बीजाणू असतात, झुरळांच्या अंगाचा चुरा असतो आणि माणसाच्या कातडीचे सुटलेले पापुद्रे असतात. धडधाकट माणसाच्या अंगावरून रोज साधारण अर्धा ते एक ग्रॅम कातडी अशी गळते. या कातडीवर जगणारा एक जीव त्या धुळीत असतो, त्याला माइट म्हणतात. लांबी एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पांढुरका, जवळजवळ पारदर्शक, आठ पायांचा. म्हणजे कीटक नव्हे, कोळी-विंचू-गोचिडांच्या गोतावळ्यातला. डोळे नाहीत. नुसत्या नजरेला तो दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सावकाश पाय टाकत चालताना दिसतो. जगभरात सर्वांत प्रसिद्ध असलेल्या जातीचं नाव डर्मॅटोफॅगॉइडिस टेरोनिसिनस. उष्ण आणि दमट प्रदेशांत तिच्या जोडीला ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस नावाची दुसरी जात असते.

हा प्राणी चावत नाही, रक्त पीत नाही, रोग पसरवत नाही. सकाळी अंगावर लाल गांधी दिसल्या तर गुन्हेगार ढेकूण, डास किंवा पिसू असतो. गाद्या विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत माइटचे राक्षसासारखे फोटो असतात आणि 'दहा वर्षांत गादीचं वजन माइटमुळे दुप्पट होतं' असं छापलेलं असतं. याला काडीचा आधार नाही. एका माइटचं वजन फार तर दहा मायक्रोग्रॅमच्या आसपास. गादीत दहा लाख माइट आहेत असं धरलं तरी त्यांचं एकूण वजन दहा ग्रॅम भरेल. घाबरवून गादी विकणं सोपं, म्हणून ते वाक्य अजून फिरतं आहे.

खरा प्रश्न माइटच्या वजनाचा नाही, त्याच्या तहानेचा आहे. माइट पाणी पीत नाही, कारण गादीत प्यायला पाणी नसतंच. तो हवेतली वाफ शोषून घेतो. त्याच्या पुढच्या पायांच्या मुळाशी ग्रंथी असतात, त्यांतून क्षारांचा एक द्रव पाझरतो आणि तो द्रव हवेतली ओल खेचून तोंडाकडे नेतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच हे. पेण-उरणकडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर असेल तर माइटचं भागतं. ७५ ते ८० टक्के आर्द्रता आणि २५ अंशांच्या आसपासचं तापमान असलं की त्याचा संसार जोरात वाढतो; अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत महिनाभर लागतो, मादी पुढे दोनेक महिने जगते आणि तेवढ्यात साठच्या वर अंडी घालते. आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली आणि तशीच राहिली तर प्रौढ माइट सुकून मरतात. काही जातींची पिल्लं मात्र एका टप्प्यावर थांबतात, कोरडे महिने निपचित काढतात आणि ओल परतली की पुढे वाढतात.

आता रायगडची किनारपट्टी डोळ्यांसमोर आणावी. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेची आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांत असते, बंद खोलीत त्याहून जास्त. तापमान २५ ते ३० अंश. प्रयोगशाळेत माइट पाळायचे तर शास्त्रज्ञ मुद्दाम तयार करतात तशी ही हवा आहे. सोलापूर किंवा अकोल्याच्या उन्हाळ्यात माइटला जीव मुठीत धरून राहावं लागतं. आक्षी-नागावच्या वाडीत त्याला बाराही महिने फारशी ददात नाही. घाटावर धूळ जास्त आणि किनाऱ्यावर धुळीची अ‍ॅलर्जी जास्त, हे कोडं इथे सुटतं. घर चकचकीत ठेवणाऱ्या गृहिणीला "तुमच्याकडे धूळ फार असेल" असं सांगणं म्हणूनच अन्यायाचं आहे. बोट दाखवायचं तर ओलीकडे दाखवायला हवं.

ओलीचा हा माग पहिल्यांदा लागला तो अशाच एका सखल, दमट किनाऱ्यावर. हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठात स्टॉर्म व्हान लेउवेन नावाचे प्राध्यापक १९२०च्या दशकात दम्याच्या रुग्णांचा अभ्यास करत होते. समुद्राला बांध घालून जमीन मिळवलेला तो देश खारभूमी सांभाळणाऱ्या पेण-अलिबागकराला अगदीच परका वाटणार नाही. दमट घरांतल्या लोकांना दमा जास्त होतो, हे व्हान लेउवेन यांच्या लक्षात आलं. बाहेरची शुद्ध केलेली हवा सोडलेल्या खास खोल्या त्यांनी बांधल्या, आणि तिथे ठेवलेल्या अनेक रुग्णांना आराम पडला. १९२८मध्ये डेकर या जर्मन डॉक्टरने गादीतल्या माइटकडे बोट दाखवलं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. घरातल्या धुळीचा अर्क टोचला तर रुग्णाच्या कातडीवर गांधी उठते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. धुळीतलं नेमकं काय बाधतं ते चाळीसेक वर्षं कळेना. अखेर लायडनमध्येच व्होरहॉर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुळीतले माइट वेचून वाढवले, त्यांचा अर्क काढला आणि १९६४मध्ये आपला तर्क मांडला. दमट घरातली धूळ जास्त बाधते कारण तिच्यात माइट जास्त असतात, आणि नुसत्या माइटचा अर्क धुळीच्या अर्कापेक्षा कितीतरी जहाल निघतो.

माइट आले की दमा येतो, याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातलं आहे. तिथल्या साउथ फोरे लोकांत दमा जवळजवळ नव्हता. १९७०-८०च्या सुमारास प्रौढ माणसांत तो दिसू लागला आणि शंभरात सातच्या घरात गेला. संशोधकांनी घरं तपासली. बाहेरच्या जगाशी संबंध वाढल्यावर लोक कांबळी वापरू लागले होते. ती पांघरून झोपायचे, धुवायची सोय नव्हती, आणि कांबळ्यांत माइट खच्चून भरले होते. १९८५मध्ये हे प्रसिद्ध झालं. बाजारातून आलेल्या एका उबदार वस्तूने आजाराचं चित्र पालटावं, ही गोष्ट कोकणातल्या प्रत्येक घराने आपल्या गादीपाशी थांबून वाचावी अशी आहे.

बाधतो तो मुळात माइट नव्हे, त्याची विष्ठा. एक माइट दिवसाला वीसेक कण टाकतो. प्रत्येक कण १० ते ४० मायक्रॉनचा, पातळ आवरणात गुंडाळलेला. त्यात माइटच्या पोटातली पाचक रसायनं तशीच असतात; त्यातल्या मुख्य प्रथिनाचं नाव डर पी १. कातडी पचवण्यासाठी बनलेलं हे रसायन माणसाच्या नाकात गेलं की तिथेही आपलं काम करतं, म्हणजे श्वासमार्गाच्या अस्तरातल्या पेशींना जोडून ठेवणारे टाके कापतं. त्या फटीतून परकी प्रथिनं आत शिरतात. ज्यांच्या घराण्यात अ‍ॅलर्जीचा कल असतो त्यांचं शरीर या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं. १९६६मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला इशिझाका या जपानी दांपत्याने ती ओळखली. आयजीई जाऊन बसतं ते मास्ट पेशींवर. पुढच्या वेळी तोच कण आला की या पेशी फुटतात, हिस्टामिन बाहेर पडतं, आणि मग नाक खाजणं, पाणी गळणं, डोळे चुरचुरणं, शिंका. छातीत हेच घडलं तर नळ्या आवळतात आणि दम लागतो.

हे सगळं पहाटे का वाढतं? कारण माणसाने त्या आधीचे सात-आठ तास नाक उशीत खुपसून काढलेले असतात. माइटचे कण जड असतात, हवेत फार वेळ तरंगत नाहीत. कुणी गादी झटकली, कुशी बदलली, झाडू मारला की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत खाली बसतात. म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटावर साचलेल्या धुळीपेक्षा उशी कितीतरी महत्त्वाची. सतत तळहाताने नाक वर ढकलणारं पोर वर्गावर्गात असतं. अशा पोरांच्या नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी सुरकुती पडलेली दिसते. डोळ्यांखाली काळसर छटा, तोंड उघडं ठेवून झोपणं, रात्रभर नीट झोप नाही म्हणून शाळेत पेंगणं. घरचे म्हणतात, "त्याला बारमाही सर्दी आहे." सर्दी विषाणूची असते तेव्हा ताप येतो, अंग दुखतं आणि आठ-दहा दिवसांत ती जाते. बारमाही सर्दी ही बहुतेक वेळा सर्दी नसतेच.

किनाऱ्यावरच्या अंथरुणाचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. चटई किंवा घोंगडी, जुन्या लुगड्यांची गोधडी, सावरीच्या कापसाची उशी, ऐपत असेल त्याच्याकडे कापसाची गादी. गादी गठ्ठा झाली की उन्हाळ्यात दारावर येणाऱ्या पिंजाऱ्याला हाक मारायची. अंगणात कापूस उसवून तो धनुकलीच्या तातीने पिंजायचा, ऊन दाखवायचा, पुन्हा भरून टाके घालायचा. गादीचं असं दर दोन-चार वर्षांनी पोट साफ व्हायचं. (त्या धुरळ्यात दिवसभर बसणाऱ्या पिंजाऱ्याच्या छातीचं काय व्हायचं, हे विचारायचं राहूनच गेलं.) काथ्याच्या आणि फोमच्या गाद्या आल्यावर उसवणं संपलं, आणि त्या इतक्या जड असतात की उन्हात काढणंही संपलं. कौलांच्या फटींतून वारा वाहणारी घरं जाऊन स्लॅबची, घट्ट सरकत्या खिडक्यांची घरं आली. सुट्टीपुरते उघडणारे बंगले तर मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत उभे राहिले. त्यांच्या भिंतीला जूनमध्ये आलेली ओल ऑक्टोबरपर्यंत हटत नाही, आणि जाड गाद्या, पडदे, सोफे ती पीत बसतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर धडकलं. घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस गायब होती आणि पाठोपाठ पावसाळा सुरू झाला. चिंब भिजलेली गादी माइटला नको असते, तिथे आधी बुरशी धरते. पण छपरावर ताडपत्री ताणून लोक त्याच अंथरुणांवर झोपले, गाद्या निम्म्याशिम्म्या वाळल्या, आणि दमट पण भिजलेली नाही अशी जी अवस्था माइटला हवी असते ती आयती तयार झाली. नुकसानभरपाईच्या पंचनाम्यात कौलं, पत्रे, माड आणि पोफळी मोजतात. अंथरुणातली ओल मोजायला रकाना नसतो.

यावरचा उपाय कोकणाला पूर्वीपासून ठाऊक आहे, फक्त तो माइटसाठी आहे हे ठाऊक नव्हतं. आगोटीची कामं म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मे महिन्यात पापड-फेण्या वाळतात, सुके बोंबील आणि जवळा डब्यांत भरला जातो, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, आणि त्याच उन्हात गाद्या-गोधड्या अंगणात टाकल्या जातात. इथे एक शंका येते. किनाऱ्यावरची मे महिन्याची हवाही दमटच, मग उन्हात टाकून गादी कोरडी कशी होणार? उत्तर साध्या गणितात आहे. ३० अंशांच्या, ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत गादी ठेवली आणि उन्हाने तिचा पृष्ठभाग ५० अंशांपर्यंत तापला, तर त्याला लागून असलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता २६ टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतलं बाष्प तेवढंच असतं, पण गरम हवेची भूक वाढलेली असते. एकीकडे उष्णता, दुसरीकडे कोरडेपणा, या दोहोंत माइट टिकत नाही. तो उजेड आणि उष्णता टाळून सावलीच्या बाजूला सरकतो, म्हणून गादी मध्ये एकदा उलटायला हवी. खाली दगड किंवा सिमेंटची तापलेली जमीन असेल तर उत्तम. आणि संध्याकाळची हवा दमट होण्याआधी, चारच्या सुमारास, अंथरूण घरात घ्यायचं.

उन्हाने माइट मरतो, पण विष्ठेतलं प्रथिन तसंच राहतं. म्हणून नंतर काठीने बडवणं आलं, तेही घराबाहेर, आणि ज्याला त्रास आहे त्याने नव्हे. चादरी, अभ्रे, गोधड्या यांचं काम पाण्याने होतं. साध्या पाण्याने धुतलं तरी प्रथिन बहुतेक निघून जातं, मात्र माइट जिवंत राहतात. ५५ अंशांच्या वरच्या पाण्यात तेही मरतात. ज्या घरात अजून बंब पेटतो तिथे हे कठीण नाही. मुलांची केसाळ खेळणी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावीत, मग धुवावीत. कोरडा झाडू म्हणजे खाली बसलेले कण पुन्हा नाकापाशी आणण्याचं साधन, त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. माइट मारण्यासाठी खोलीभर फवारे मारणं मात्र पैसे वाया घालवणं आहे. डासांसाठी लावलेली कॉइलही त्रासात भर घालते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनी दाखवून दिलं होतं, की बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून सुमारे शंभर सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात. आधीच सुजलेल्या श्वासनळीला हा पाहुणचार नको. मच्छरदाणी बरी, अर्थात ती धुतलेली असली तर.

गादीला घालायची घट्ट विणीची खास खोळ बाजारात मिळते. तिची छिद्रं इतकी बारीक असतात की माइटची विष्ठा बाहेर येत नाही. तिचा उपयोग होतो का? २००३मध्ये ब्रिटनमध्ये ११२२ प्रौढ दमेकऱ्यांवर केलेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या खोळीने काहीच फरक पडला नाही, आणि बऱ्याच डॉक्टरांनी त्यावर काट मारली. पुढे २०१७मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी २८४ मुलांवर हाच प्रयोग केला. दम्याचा झटका येऊन रुग्णालय गाठावं लागलेली मुलं खरी खोळ असलेल्या गटात २९ टक्के आणि नकली खोळ असलेल्या गटात ४२ टक्के निघाली. वय लहान, अ‍ॅलर्जी माइटची आणि बाकीची स्वच्छता चालू असेल तर खोळ घेण्यात अर्थ आहे. पन्नाशीतल्या माणसाने फक्त खोळ घेऊन चमत्काराची वाट बघू नये.

किनाऱ्यावरच्या वाचकाला यापुढची गोष्ट जास्त जवळची वाटेल, कारण ती ताटातली आहे. कोळंबी, जवळा, करंदी, चिंबोरी, शेवंड हे सगळे माइटचे लांबचे नातलग. त्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि माइटच्या स्नायूंतही जवळजवळ तसंच. माइटविरुद्ध तयार झालेली आयजीई काही जणांत कोळंबीलाही ओळखते. अशा माणसाला वर्षानुवर्षं पचलेलं कोळंबीचं कालवण एके दिवशी अचानक बाधतं. ओठ खाजतात, घसा सुजल्यासारखा होतो, अंगावर पित्त उठतं. शिजवून हे प्रथिन नष्ट होत नाही. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या काही कर्मठ ज्यूंचं रक्त तपासलं होतं. धर्माच्या आज्ञेमुळे त्यांनी जन्मात कोळंबी खाल्लेली नव्हती, तरी त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात कोळंबीच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्यं सापडली. ती माइटमुळेच तयार झाली असणार. ज्या किनाऱ्यावर नवगावला बेने इस्रायली ज्यूंच्या पूर्वजांचं गलबत फुटल्याची परंपरा सांगतात, जिथे त्यांची, म्हणजे खवल्याची मासळीच खाणाऱ्या 'शनिवार तेल्यां'ची घरं शेजारच्या आगरी-कोळ्यांच्या कोळंबीच्या वासात पिढ्यानपिढ्या नांदली, तिथे तर हा अभ्यास आवर्जून सांगायला हवा. घाबरून कोळंबी सोडू नये. माइटची अ‍ॅलर्जी असलेले बहुतेक लोक ती आरामात खातात. नुसत्या रक्ततपासणीच्या कागदावरून तर अजिबात सोडू नये. खाल्ल्यावर त्रास झाला असेल तरच डॉक्टरकडे विषय काढावा.

पिठाचं प्रकरण याहून दुर्मीळ, पण धोक्याचं. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पिठात माइट वाढतात आणि अशा पिठाचे पदार्थ खाऊन तीव्र अ‍ॅलर्जीचा झटका आल्याची उदाहरणं व्हेनेझुएलातल्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकात नोंदवली. भाजूनही ती प्रथिनं टिकली होती. पावसाळ्यात पीठ थोडं थोडं दळून आणावं, आणि उरलेलं झाकणबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावं.

आपल्याला माइटचीच अ‍ॅलर्जी आहे का, हे शोधणं अवघड नाही. हाताच्या आतल्या बाजूला निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून त्यांतून कातडीला बारीक टोचतात; पंधरा-वीस मिनिटांत तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी उठली तर उत्तर मिळतं. आधी आठवडाभर अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी निघते. ते शक्य नसेल तर रक्ततपासणी असते. उपचारांत नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे आणि दमा असेल तर इन्हेलर ही मुख्य औषधं. गावोगावी इन्हेलरला पंप म्हणतात, आणि पंपाबद्दल भीती अशी की एकदा लावला की सुटत नाही. पंपातलं औषध थेट नळ्यांत जातं, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. त्याऐवजी वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या हाडांचं आणि साखरेचं कितीतरी जास्त नुकसान करतात. जगातल्या दमेकऱ्यांपैकी भारतात सुमारे १३ टक्के आहेत, दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. नियमित घ्यायचा पंप घरात न येणं, हे त्यामागचं एक मोठं कारण.

पंप नको म्हणणारे दरवर्षी मृगाला हैदराबाद गाठतात. तिथलं बथिनी कुटुंब जिवंत मासोळीच्या तोंडात औषध भरून दमेकऱ्यांना फुकट गिळायला देतं; महाराष्ट्रातूनही माणसं जातात. त्याने दमा बरा होतो याचा शास्त्रीय पुरावा नाही. आणि मुहूर्तही असा, की रुग्ण घरी परत येईपर्यंत किनाऱ्यावर पाऊस लागलेला असतो.

मुळावर घाव घालणारा उपचार एकच, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. ज्याची अ‍ॅलर्जी त्याचाच अर्क अगदी कमी मात्रेपासून सुरू करून वाढवत न्यायचा, म्हणजे शरीराला त्याची सवय होते. १९११मध्ये लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांच्या अ‍ॅलर्जीवर तो पहिल्यांदा करून पाहिला. माइटसाठी इंजेक्शनं मिळतात, जिभेखाली ठेवायचे थेंब आणि गोळ्याही आहेत. उपचार तीन वर्षं तरी चालवावा लागतो, दमा आटोक्यात नसेल तर सुरू करता येत नाही, आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात बसून राहावं लागतं, कारण क्वचित जोराची प्रतिक्रिया येते. सुरुवातीला दर आठवड्याला एक सुई. अलिबाग-पेणच्या माणसाला हे जमण्यासारखं आहे. म्हसळा-श्रीवर्धनच्या माणसाचा मात्र दर खेपेला कामाचा एक दिवस जातो, त्यामुळे त्याच्यासाठी जिभेखालचे थेंब किंवा गोळ्या हा पर्याय आधी विचारून पाहावा, अर्थात पहिला डोस डॉक्टरांसमोर घेण्याच्या बोलीवर.